पाच शेरांची म्हैस

काशीराम पैलवान दूध पीत असताना घरात कोणी भांडं आपटायचं नाही, शिंकायचं नाही आणि त्याच्या समोरून आडवं जायचं नाही, असा नियम होता. नियम काशीरामनेच केला होता. रोज सकाळी अंगाला तेल चोळून तो ओसरीच्या पायरीवर उगवतीकडे तोंड करून उभा राही, डोळे मिटी आणि दीड शेराचा पितळी गडवा एका दमात रिकामा करी. मधे श्वास घेतला तर दुधाचं बळ नाकावाटे उडून जातं, असं त्याच्या तालमीचे दादू वस्ताद सांगत.

त्या दिवशी त्याची भावजय जनी रिकाम्या गडव्यासाठी पायरीखाली उभी होती. काशीरामच्या गळ्याची घाटी खाली-वर होत होती आणि दर घोटाला जनीचं डोकं थोडं थोडं तापत होतं. आत चुलीशेजारी तिची तेरा वर्षांची राही उजव्या मनगटाला लाकडी पट्ट्या बांधून बसली होती.

खरं सांगायचं तर राही पडलीसुद्धा नव्हती. तांब्या घेऊन मागल्या दारच्या पायरीवर बसताना तोल गेला, तिने हात टेकला, आणि हाड मोडलं. वर्षाचं पोर रडणार नाही एवढ्या उंचीवरून! जनी तिला घेऊन मिऱ्या गावाहून रत्नागिरीत चालत गेली. तिथे मुंबईहून नुकत्याच आलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पट्ट्या बांधल्या, पोरीच्या पापण्या ओढून बघितल्या, पाय बघितले आणि वहीत लिहिता लिहिता विचारलं,

"ही उन्हात जाते का?"

"आता कशी जाईल? गेल्या वर्षी न्हाण येऊन शाणी झाली ना."

"दूध पिते?"

जनीने राहीच्या अंगावरचा पदर सारखा केला.

"घरात दुभतं नाही का?"

"म्हैस हाय."

"मग दूध कोण पितं?"

"भावोजी."

"लहान आहेत?"

"अठ्ठावीस वर्सांचे."

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्या जनीला अगदी हळू, पण एकेक शब्द ठोकून बोलल्या. रोज अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, दूध. नाचणीची भाकरी. बारीक मासळी, काट्यासकट चावून. सकाळचं ऊन. धावणं. पट्ट्या सुटल्या की उड्या मारणं, ओझं उचलणं. "बाई, मुलीच्या हाडांत जे काही भरायचं ते या चार वर्षांत भरतं. पुढे हिची बाळंतपणं येतील, तेव्हा आतून काढून द्यावं लागेल. आत काही असलं तर देईल ना? आणि आत्ता हे मनगट वाकडं जुळलं तर जन्मभर वाकडं राहील."

परत येताना जनी वाटभर राहीच्या डाव्या हाताची बोटं चाचपत होती. ती काड्यांसारखी लागत होती. आपणच जन्म दिलेल्या पोरीची बोटं इतकी बारीक आहेत हे आपल्याला तेरा वर्षांत कळू नये, याचा तिला असा राग आला की समोरून आलेल्या बैलगाडीला तिने वाटसुद्धा दिली नाही. बैलच बाजूला झाले.

तर गडवा हातात पडताच जनी म्हणाली, "भावोजी, उद्यापासून यातलं अच्छेर राहीला लागेल. डाक्टरीणबाईंनी सांगितलंय."

काशीरामने मिशी पुसली. "पोरीला? दूध?"

"हाडं कच्ची हायत तिची."

"अगो वयनी, पोरीला दूध घातलंस तर ताडासारखी वाढेल. मगे तेवढा नवरा कुठून आणायचा? गलबताची डोलकाठी उभी करायची बोहल्यावर?"

"तुमी दहा वर्सं पिताय. तुमी कुठे ताड झालात? आडवेच वाढलाय."

हे काशीरामला लागलं. त्याने दंड फुगवून पाहिला आणि तो जागेवर आहे अशी खात्री करून घेतली. "शिमग्याच्या जत्रेत माझी कुस्ती हाय. लांज्याच्या केरू पैलवानाशी. गावाच्या अब्रूची गोष्ट हाय ही. पोरीचं मनगट काय, जुळेल चार दिवसांत."

"आणि नाय जुळलं तर?"

"तर डाव्या हाताने करील कामं," काशीराम म्हणाला आणि जोर काढायला निघून गेला.

जनीने त्या सकाळी गडवा असा घासला की आतली कल्हई उडाली. नवरा महिपत आगबोटीवर खलाशी. त्याला पत्र लिहावं तर ते एडनला पोचून उत्तर येईपर्यंत राहीची हाडं जुळायची ती जुळून गेली असती. म्हणजे घरात पुरुष म्हणायचा तो हाच, डाव्या हाताने कामं वाटून देणारा. जनी घासत राहिली आणि घासता घासता ठरवून बसली. अच्छेर मागितलं, ते दिलं नाहीत ना? मग आता दीडच्या दीड शेर.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने तीन नारळ खवले, कोमट पाणी घालून घट्ट रस पिळला, त्यात तांदळाची पेज गाळून घातली, गूळ घातला, जायफळ घातलं आणि रोजचे वाटलेले बदाम वर सोडले. रंग दुधाचा. दाटपणा दुधाहून जास्त. वासाचं मात्र काही करता येईना. काशीराम पायरीवर उभा राहिला, त्याने डोळे मिटले, गडवा वर गेला. जनीने पदराचं टोक दातांत धरलं.

"वयनी."

"काय?"

"आज दुधाला गोडी हाय. खोबऱ्यासारखा वास येतोय."

 राग असला की जनीला उत्तरं सुचत. "म्हशीला खोबऱ्याची पेंड घालत्ये मी. मगे काय हिंगाचा वास येणार दुधाला?"

"तरीच!" काशीराम खूश होऊन म्हणाला. "रोज घाल. माझ्या दंडात आत्ताच काहीतरी सळसळलं बघ."

आत दाराआड राही डाव्या हाताने पेला धरून बसली होती. पहिला घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "आये, वास येतो याला." दहा वर्षांत पोर दुधाची चव विसरली होती. जनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते लपवायला तिने राहीला एक धपाटा घातला. डाव्या खांद्यावर, मोडल्या हातापासून लांब.

"पी मुकाट. नाक दाबून पी."

नाचणीवरून भांडण झालंच नाही, कारण काशीराम नाचणीला हात लावत नसे. मासळीचंही तसंच. सुरमईच्या मधल्या तुकड्या पुरुषांच्या पानात, आणि बारीक काट्यांची बोटाएवढी मोतकं बायकांच्या. इतक्या वर्षांत बायकांच्या पानातल्या गोष्टीला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं, ते डॉक्टरीणबाईंनी म्हटलं. जनी समोर बसून राहीला काटे चावायला लावी आणि कुडकुड ऐकू आली की तिला थोडं बरं वाटे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडवलं ते काशीरामच्या तोंडाने. त्याने तालमीत जाऊन सांगितलं की आमच्या म्हशीच्या दुधासारखं दूध मुंबईच्या लाटसाहेबालाही मिळत नसेल. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दादू वस्ताद स्वतः ओसरीवर येऊन बसले. कान चपटे, मान खांद्यांत बुडालेली आणि आवाज असा की गोठ्यातल्या म्हशीने चघळणं थांबवलं.

"मला धारोष्ण पाहिजे," वस्ताद म्हणाले. "मी सवता म्हशीखाली बसणार."

 जनीला पुन्हा तोच राग उपयोगी आला. या घरात चौदा वर्षं रोज दोन वेळा तिने म्हशीखाली उकिडवं बसून काढली होती, तेव्हा कोणाला स्वतः बसावंसं वाटलं नव्हतं.

"बसा की," ती म्हणाली. "गेल्या पावसाळ्यात गुरांचा डाक्टर बसला होता. त्याला तिने उचलून शेणाच्या खड्ड्यात टाकला. टोपी अजून सापडली नाय त्याची."

वस्तादांनी गोठ्याकडे बघितलं. म्हशीने वस्तादांकडे बघितलं.

"पैलवानाने माणसाशी लढावं," वस्ताद विचार करून म्हणाले. "जनावराशी लढणं शास्त्रात बसत नाय. तू आण काढून."

जनीने गोठ्यात एक फेरी मारून चुलीपाशी कोमट ठेवलेला रसाचाच गडवा आणला. वस्तादांनी डोळे मिटले आणि एका दमात गडवा संपवला. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "काशीराम, चाळीस वर्सं आखाड्यात गेली माझी. असलं दूध नाय प्यायलो! उद्यापासून माझे तीन पठ्ठे पण इथलंच पिणार. शिवा, गंगाराम आणि धोंडू. आणि मी. जत्रेपर्यंत."

"आमची म्हैस म्हणजे तालमीचीच म्हैस, वस्ताद," काशीराम मोठेपणाने म्हणाला. "आणि आता डोई शेर शेर बास. दाट हाय ना, मला पण तेवढंच पुरेल."

दीड शेर दूध देणारी, तीही आटत आलेली म्हैस उद्यापासून पाच शेर कशी देणार, असा प्रश्न त्या ओसरीवर कोणालाच पडला नाही. पाचही पैलवानांना एकमेकांच्या दंडांचा घेर तोंडपाठ होता. पण म्हैस दिवसाला किती दूध देते हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. दूध गडव्यात असतं आणि गडवा बाईच्या हातात असतो, एवढंच त्यांना माहीत. जनी आत आली आणि तिने एक शेणी उचलून भिंतीवर फेकली. शेणी फुटली. राही हसली.

"हसतेस काय भवाने! दहा नारळ लागतील रोज!"

"मी आणत्ये ना," राही म्हणाली.

नारळ वाडीच्या पार टोकाला खोपटात रचलेले असत. राहीचा एकच हात मोकळा, म्हणून एका खेपेला एक नारळ. दहा नारळांना दहा खेपा, आणि पाच पैलवान यायच्या आत रस पिळून व्हायला हवा म्हणून प्रत्येक खेप धावत. पहिल्या दिवशी तिसऱ्याच खेपेला ती माडाच्या बुंध्याला टेकून धापा टाकत बसली. वर्षभर पोर अंगणात उतरली नव्हती. जनी खवणीवर बसल्या बसल्या तिच्याकडे बघत होती. उठून जाऊन पोरीला उचलून घ्यावं असं तिच्या पायांना वाटत होतं, आणि तोंडाने ती ओरडत होती, "ऊठ! अजून सात!"

पंधरा दिवसांत राही दहा खेपा घालून अकराव्यांदा उगाच धावून येऊ लागली.

काशीरामच्या नजरेला नारळांची रास खाली गेलेली पडली. वाडी बघणं हे त्याचं काम होतं आणि तो ती ओसरीवरून बघे. "वांदर फार झालेत यंदा," तो म्हणाला.

"फार झालेत," जनी म्हणाली. "पाच तर मी रोजच बघत्ये."

शेजारची गंगुबाई मात्र ओसरीवरून बघणारी नव्हती. ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. "काय गो जने, तुझी राही केसांची शेपटी सोडून वाडीतनं उधळत्येय ती! शाणी पोर ना ती? उन्हाने काळी पडली की काय सांगशील पावण्यांना?"

आधीच जनीचे तळहात खवणीने सोलवटले होते. "वस्तादांच्या दुधाचं काम करत्येय ती. तालमीचं काम हाय. काय बोलायचं असेल तर जा तालमीत आणि दादू वस्तादांना सांग."

गंगुबाई कुंपणावरून मागे फिरली. जनीला वाटलं होतं आपण जिंकलो म्हणून बरं वाटेल. पण उलट तिचा राग दुप्पट झाला. पोर आजारी म्हणून उन्हात आली तर बेशरम, आणि पैलवानांसाठी आली तर चालतं! तिने उरलेले चार नारळ असे फोडले की त्यातल्या दोनांचं पाणी गंगुबाईच्या अंगणात गेलं.

सहा आठवडे झाले. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या सोडल्या, मनगट इकडून तिकडून वळवून बघितलं, बोटं आवळायला लावली. जनी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला बसा म्हटलेलं ऐकूही आलं नव्हतं.

"सरळ जुळलंय," बाई म्हणाल्या. "चेहऱ्यावर रंगही आला. धावते का?"

"धावते."

"कुठे?"

"नारळ आणायला."

"छान. आता हळूहळू ओझं वाढवा, उड्या मारू द्या. पण दूध थांबवू नका. हाड नुसतं जुळलंय, भरायचं अजून बाकी आहे. वर्ष-दोन वर्षं तरी चालू ठेवा."

वर्ष-दोन वर्षं! जनी वाटभर त्याचाच विचार करत होती. नारळाचं हे नाटक जत्रेपर्यंत ओढता येईल. पुढे काय? काशीराम हरला तरी दूध मागणार आणि जिंकला तर जास्त मागणार.

राहीने मात्र दुसऱ्या दिवसापासून टोपली डोक्यावर घेतली. आधी दोन नारळ, मग चार, मग पाच. विहिरीचं पाणी ती ओढू लागली. खोपटाच्या माळ्यावर चढून नारळ खाली टाकी आणि शिडी सोडून मागोमाग स्वतः उडी मारी. पिळून उरलेला खोबऱ्याचा चोथा म्हशीपुढे जाई. आणि एका सकाळी धार काढताना जनीच्या लक्षात आलं की चरवी रोजच्या खुणेच्या वर भरली आहे. म्हैस खरोखरच दोन शेरांवर गेली होती. त्या दिवशी राहीचं दूध काढून, दह्याला बाजूला ठेवूनसुद्धा पेलाभर उरलं. जनी त्या पेल्याकडे बघत राहिली. राहीच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिने दूध तोंडाला लावलं नव्हतं. तिने ते उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि कोणी बघितलं का म्हणून मागे वळून पाहिलं. राही बघत होती.

"आये, मिशी आली तुला."

जत्रेचा दिवस उजाडला. पाच शेर 'दूध' नेहमीसारखं पहाटे तयार झालं. पण वस्तादांनी निरोप धाडला की आज सकाळी कोणी प्यायचं नाही. चरवी मैदानात न्यायची आणि आखाड्यात उतरायच्या आधी प्यायचं, म्हणजे बळ ताजं राहतं.

जनी हादरली. नारळाचा रस दुपारपर्यंत कसा टिकणार? त्यात शिमग्याचं ऊन. "भावोजी, आत्ताच पिऊन जा. ऊन लागलं की नासेल ते."

"तापवलेलं दूध नासत नाय, वयनी."

"हे नासेल. मी सांगत्ये ना."

काशीरामने चरवी खांद्यावर घेतली. "दुधातलं बायकांना काय कळतं?"

 तो फाटकाबाहेर पडल्यावर मात्र जनीला राहवेना. ती कुंपणापर्यंत धावत गेली. "भावोजी! ऐका! पिऊ नका ते!" काशीरामने मागे न बघता, विजयी पैलवान लोकांना करतात तसा हात वर केला.

पुढचं मैदानात दोन-तीनशे माणसांनी बघितलं. उन्हं कलायच्या सुमारास पाचही जणांनी गडवे तोंडाला लावले. शिवा म्हणाला, "आंबूस लागतंय." वस्ताद म्हणाले, "आंबूस म्हणजे मुरलेलं. पी." ते स्वतःही प्यायले, कारण आज पंच तेच होते.

घटकाभराने हलग्या वाजल्या. लांज्याचा केरू पैलवान आखाड्यात उतरला. काशीराम उतरला. त्याने शड्डू ठोकला आणि तो आवाज विरायच्या आत त्याच्या पोटातून त्याहून मोठा आवाज आला. दोघांनी सलामीला हात मिळवले. काशीरामने केरूचा हात घट्ट धरला, त्याला जवळ ओढलं आणि कानात विचारलं, "इथे जवळ आडोसा कुठे हाय?"

केरू भला माणूस होता. त्याने काजूच्या झाडांकडे बोट दाखवलं. लोकांना वाटलं नवा डाव आहे. काशीराम लंगोट सावरत असा पळाला की माणसांनी आपोआप वाट करून दिली. त्याच्यामागे गंगाराम, त्याच्यामागे धोंडू. शिवा तर आधीच गेला होता. पंचांनी निकाल द्यायला हात वर केला, तो तसाच वर ठेवून क्षणभर विचार केला, आणि फेटा आखाड्यात टाकून तेही काजूकडे निघाले. लांज्याचे चार पैलवान अंगाला मातीसुद्धा न लागता इनामाचे चार नारळ आणि चार फेटे घेऊन घरी गेले.

दिवस मावळायच्या आत पाचही जण जनीच्या अंगणात हजर होते. मागे अर्धं मिऱ्या गाव. मान ताठ कोणाचीच नव्हती, पण आवाज मोठा होता.

"म्हैस बिघडली!" वस्ताद गरजले. "आमच्यासमोर धार काढ. आत्ता. आमी बघणार."

गर्दीत गंगुबाई पुढच्या रांगेत होती. राही दाराशी उभी राहून आईकडे बघत होती. जनी चरवी घेऊन गोठ्यात गेली. पाच पैलवान लाथेच्या टप्प्याबाहेर अर्धवर्तुळ करून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दूध कुठून येतं ते पाहिलं. चर्र चर्र धारा पडल्या, वर फेस आला. जनीने पेला भरून वस्तादांच्या हातात दिला. सगळं संपलं, असं तिला वाटलं. आता चव कळणार.

वस्तादांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकून टाकला.

"हे दूध?" ते म्हणाले. "पाणचट! ना गोडी, ना दाटपणा. वर म्हशीचा वास येतो!"

पेला शिवाकडे गेला. त्याने नाक मुरडलं. गंगाराम आणि धोंडू दोघांचंही तेच मत पडलं. काशीराम तर घोट गिळून कळवळला. "वयनी, काय गो ही दशा! सोन्यासारखी म्हैस होती. कोणाची तरी नजर लागली."

"उतरली ती," वस्तादांनी निकाल दिला. "या दुधावर आता पैलवान पोसायचा नाय."

"मला तर उद्यापासून नकोच," काशीराम म्हणाला. "एवढं सगळं आता त्या पोरीलाच घाल, वयनी. टाकून देण्यापेक्षा बरं. पोरीच्या जातीला असलं चालतं."

वर्ष-दोन वर्षांचं दूध आपण होऊन पदरात पडत होतं. कोणीही शहाणी बाई मान खाली घालून "बरं" म्हणाली असती. पण "असलं चालतं" हे शब्द जनीच्या कानात शिरले आणि अडीच महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळलं.

"असलं चालतं? बिघडलं म्हणून पोरीला? अहो, बिघडलेलं तुमी पीत होतात! हे दूध हाय, हे! तुमी नारळाचा रस पीत होतात! पेज घालून! रोज दहा नारळ खवले मी, हे बघा हात! दीड शेराची म्हैस पाच शेर देते व्हय? एवढी मोठी डोकी तुमची, एकाच्या तरी डोक्यात आलं का?"

सगळं अंगण वस्तादांच्या तोंडाकडे बघू लागलं. मग वस्ताद हसायला लागले. ते हसले म्हणून पठ्ठे हसले आणि पाठोपाठ अंगण हसलं.

"काशीराम, तुझी वयनी फार रागावलीय रे," वस्ताद डोळे पुसत म्हणाले. "बाई, चाळीस वर्सांची पैलवानाची जीभ हाय ही. हिला नारळाचा रस कळणार नाय?"

"वयनी, रागाच्या भरात काय पण बोलू नको," काशीराम समजुतीने म्हणाला. "म्हैस उतरली यात तुझा काय दोष? आमी कोणी बोललो का तुला?"

"दोष? थांबा!" जनीने पदर खोचला. "थांबा, चोथा हाय अजून टोपलीत. खवणी दाखवत्ये. आत्ता आणून दाखवत्ये एकेकाला..."

ती वळली आणि तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. राही कधी शेजारी येऊन उभी राहिली होती ते तिला कळलंच नव्हतं. पोरीने चेहरा अगदी गरीब ठेवून, पाचही पैलवानांकडे आदराने बघत, आईच्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं होतं आणि सगळा भार त्यावर टाकला होता.

"काका," राही म्हणाली, "मला चालेल हे दूध."

"बघ," काशीराम जनीला म्हणाला. "पोर शाणी हाय तुझ्यापेक्षा."

जनीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तिने ओठ दातांखाली दाबून मान खाली घातली. लोकांना वाटलं, पटलं हिला. हळूहळू अंगण रिकामं झालं. वस्ताद जाताना पुन्हा एकदा काजूकडे वळून गेले. काशीराम कांबळं पांघरून माजघरात आडवा झाला.

जनी पायरीवर बसली आणि पाऊल हातात घेऊन बघू लागली. अंगठा लालबुंद होऊन टम्म फुगला होता.

"मेल्ये मी! अगो, माणूस हायस का जातं? केवढी जड झालीस!"

राही घाबरून खाली बसली. "आये, फार दुखलं?"

"दुखलं म्हणजे? हाडापर्यंत दुखलं!" जनी ओरडली. मग तिने पोरीचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला. घोटा चाचपला, नडगी चाचपली, गुडघ्यापर्यंत बोटं दाबत गेली. मग तिने आपलं दुसरं पाऊल पुढे केलं.

"आता या पायावर दे बघू. जोरात दे."